तीन जोड्या, सोळा आणे: जुन्या स्पीकरच्या तपासणीच्या नोंदी

काम: एरंडवण्यातल्या एका घरातून आलेल्या जुन्या स्पीकरच्या तीन जोड्या तपासणे, अडलं तेवढीच दुरुस्ती करणे आणि विक्रीसाठी किंमत सांगणे. जागा: सदाशिव पेठेतली तळमजल्याची खोली, १४ बाय ११ फूट, खाली शहाबादी फरशी.

८ जून २०२४

टेम्पो सकाळी आला. टॅनॉय आर्डेनची जोडी, आत १५ इंची एचपीडी ३८५ ए ड्रायव्हर, म्हणजे खोक्यातला आवाज काढणारा भाग. एलएस३/५ए ची जोडी, १५ ओहमवाली. आणि जेबीएल एल१०० सेंच्युरी, पुढची फोमची जाळी गायब.

हिशोब सोळा आण्यांत ठेवायचा. रुपयांतला भाव सारखा हलतो, आज लिहिलेला आकडा दिवाळीला खोटा ठरतो. म्हणून प्रत्येक जोडी पूर्ण अस्सल, जुळलेली आणि चालू असती तर सोळा आणे, आणि जे उणं निघेल त्याचे आणे वजा. रुपये शेवटी, त्या आठवड्यात प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांवरून. जाहिरातीतल्या किमती धरायच्या नाहीत. मागणारा काहीही मागतो.

मोजमापात जोडीतला एक स्पीकर हाच दुसऱ्याचा मापदंड. कारखान्याचा आलेख मिळाला तरी तो त्यांच्या खोलीतला, त्यांच्या माइकचा. इथले दोघं मात्र एकाच घरात, एकाच हवेत म्हातारे झालेत. त्यांच्यात फरक पडला असेल तर त्याला कारण असतं आणि ते शोधता येतं. सुट्या एका स्पीकरला आठ आणे मिळत नाहीत, चारच मिळतात, तेही याच कारणाने.

आज एकही जोडी ॲम्प्लिफायरला लावलेली नाही. कोनाच्या, म्हणजे हलणाऱ्या पडद्याच्या, भोवतीची फोमची कड सडलेली असताना आवाज दिला की कोनामागची तारेची कॉइल तिरकी होऊन चुंबकाच्या फटीत, म्हणजे गॅपमध्ये, घासते, आणि फोमच्या पैशात भागणारी दुरुस्ती कॉइलच्या पैशात जाते. "चालू आहेत का बघू" म्हणून आधी वाजवून पाहिलेले स्पीकरच सगळ्यात जास्त बिघडून येतात. मालकीणबाई फोनवर म्हणाल्या, "दिवाळीपासून कुणी हात लावलेला नाही हो." उत्तम.

९ जून

फक्त डोळे, बॅटरी आणि नाक.

आर्डेनच्या खोक्याला खालच्या कडेने चारही बाजूंनी फुगवटा, साधारण बोटभर उंचीपर्यंत. पार्टिकल बोर्ड आहे, आणि वर्षानुवर्षं ओल्या फडक्याने फरशी पुसताना पाणी कडेतून वर चढलंय. पुण्यातल्या जुन्या मोठ्या स्पीकरना हा रोग हमखास असतो, कारण ते पायांशिवाय थेट फरशीवर ठेवलेले असतात. दोन टोचण्यांच्या आर्द्रतामापकाने तळाशी १७ टक्के, वरच्या फळीला १० टक्के. वाळेल, पण फुगलेला भुसा पुन्हा बसत नाही. विनियर मात्र सुटलेलं नाही. नखाने ठोकत गेलं की सुटलेल्या जागी पोकळ आवाज येतो, तसा कुठेच आला नाही.

एका खोक्याच्या पोर्टमधून, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या भोकातून, उंदराचा वास. आत बॅटरी मारली तर कापसासारख्या अस्तराचा कोपरा कुरतडलेला आणि तळाला लेंड्या. कोनाच्या मागे दात लागलेत का हे ड्रायव्हर काढल्यावरच कळेल.

फोम: कडेला बोट टेकवलं आणि काळा चिकट चुरा बोटावर आला, खाली ठसा राहिला. चारी बाजूंनी तेच. यात आश्चर्य नाही. टॅनॉयच्या १९६७ च्या मॉनिटर गोल्डला फोमची कड नव्हती, म्हणून ते अजून मूळ कडेसकट सापडतात. १९७४ च्या एचपीडीला फोम आला आणि फोम काही वर्षांनी जातोच, स्पीकर वापरा नाहीतर झाकून ठेवा. "मूळ कड शाबूत" असा एचपीडी कुणी दाखवला तर कड आधी कुणीतरी बदललेली आहे एवढाच त्याचा अर्थ. ती कोणती बसवली, ते तपासायचं.

एलएस३/५ए च्या जाळ्या काढल्या. ट्वीटरभोवतीचा (ट्वीटर म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा ड्रायव्हर) जाड नमद्याचा चौकोन जागेवर, ट्वीटरवरची छिद्रांची टोपी जागेवर. दोन्ही तपासायच्याच गोष्टी. नमदा कसरीने खाल्लेला असतो किंवा कुणी "सुटसुटीत दिसावं" म्हणून काढून टाकलेला असतो, आणि तो गेला की वरचा आवाज बदलतो. मागच्या पट्टीवर एक ए, एक बी, पण क्रमांक एकापाठोपाठचे नाहीत. मधे चारशेच्या वर अंतर.

१२ जून

मल्टीमीटर. आधी दोन टोकं एकमेकांना लावून वायरीचा विरोध मोजला: ०.२ ओहम, प्रत्येक आकड्यातून वजा.

आर्डेन ५.६ आणि ५.६. एल१०० च्या वूफरचे, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरचे, ५.९ आणि ५.८. एलएस३/५ए ची टर्मिनलं एकसारखी.

विकणारे हे आकडे दाखवून "सगळं चालू आहे" म्हणतात, ते अर्धंच खरं असतं. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि कपॅसिटर मीटरचा एकदिश प्रवाह अडवतो. जळलेला ट्वीटर असला तरी टर्मिनलवर आकडा तोच येतो. ट्वीटर तपासायचा तर त्याची एक वायर सोडवून थेट मोजायला हवं, नाहीतर पुढे येणारा इम्पिडन्सचा, म्हणजे कंप्रतेगणिक बदलणाऱ्या विरोधाचा, आलेख काढायला हवा. चारही सुटे ट्वीटर आणि आर्डेनचे दोन्ही वरचे कॉइल (त्यात ट्वीटर वूफरच्याच पोटात असतो) थेट मोजले. सगळे जिवंत.

१५ जून

एल१००. ही जोडी पटकन उरकली.

मॉडेल १९७० चं, स्टुडिओतल्या ४३१० मॉनिटरवरून घरासाठी काढलेलं. १२ इंची पांढरा वूफर, मधल्या सुरांचा ५ इंची मिड, १.४ इंची ट्वीटर. वूफरची कड फोमची नाही, त्यामुळे सडण्याचा प्रश्न नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे सूर ड्रायव्हरांत वाटून देणारी गाळणी, जवळजवळ नाहीच: वूफरला गाळणीच नाही, तो वर आपोआप दमतो, मिडला ८ मायक्रोफॅरडचा आणि ट्वीटरला ३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. एक पाय सोडवून एलसीआर मीटरवर १ किलोहर्ट्झला मोजले: ८.७ आणि ९.०, ३.१ आणि ३.२. बदलायची गरज नाही. किंमत सांगण्याच्या कामात आपण कपॅसिटर मोजून लिहितो, बदलत नाही. पुढचा मालक त्याच्या मनाने बदलेल.

दीड व्होल्टचा सेल लावला, धन टोक लाल टर्मिनलला. वूफर आत गेला. इथे पुष्कळ जण वायरी उलट्या समजून आतलं जोडकाम फिरवतात. जेबीएलच्या त्या काळच्या स्पीकरची रीतच उलटी होती, लाल टर्मिनलला धन दिलं की कोन आत. दोन्ही आत गेले म्हणजे जोडी बरोबर. एक आत आणि एक बाहेर आला असता तर कुणीतरी "दुरुस्त" केलाय असं धरायचं.

मागून कोरलेले आकडे वाचले. डाव्याचा ट्वीटर एलई२०, उजव्याचा एलई२५, म्हणजे नंतरच्या काळातला बदली माल. कानाला एकटा ऐकून हे कळत नाही, दोघांना मोनोत आलटून पालटून लावलं की झांजेच्या शेपटीत कळतं. पुढच्या पॅनेलवरचे मिड-ट्वीटरचे दोन्ही नियंत्रक खरखरत होते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, पन्नास वेळा टोकापासून टोकापर्यंत, पुन्हा फवारा. तिघांची खरखर गेली. चौथ्याला आत मृत जागा आहे. तिथे मिड अचानक गप्प होतो आणि घेणाऱ्याला वाटतं मिडच जळलाय.

फोमची जाळी अर्थातच सडून गेलेली. नवीन नकला मिळतात.

२२ जून

आर्डेन उघडले. ड्रायव्हर जड आहे, तेव्हा खोकं पाठीवर आडवं करून, चार स्क्रू राहिल्यावर एकाने खालून आधार द्यायचा. उभ्या खोक्यातून काढताना शेवटचा स्क्रू सुटला की फ्रेम सरकते आणि स्क्रूड्रायव्हर कोनातून आरपार जातो. बाहेर काढण्याआधी फ्रेमवर आणि खोक्यावर पेन्सिलीने वरची बाजू खुणावली.

उंदराने कोनाला हात लावलेला नाही.

एचपीडीच्या कोनाला मागून फासळ्या चिकटवलेल्या असतात. त्यांतली एक सुटली की एखाद्याच सुरावर कोन कण्हतो आणि लोक दोष कॉइलला देतात. मागून बॅटरी धरून प्रत्येक फासळी बोटाने हलवून पाहिली. दुसऱ्या ड्रायव्हरची एक फासळी दोन सेंटिमीटर सुटलेली. पातळ केलेला पांढरा गोंद सिरिंजने आत सोडला, वर मेणकागद आणि कपडे वाळवायचा चिमटा.

वरच्या सुरांची पातळी आणि उतार ठरवणारे, ऊर्जा आणि रोल-ऑफचे फिरते स्विच काळे पडलेत. साफ केल्यावर दोन्ही ठीक. हे स्विच मधल्या खाचेवर सोडलेले असतील तरच पुढची तुलना खरी.

इम्पिडन्स मोजायची जोडणी तयार केली: साउंडकार्डचं आउटपुट १०० ओहमच्या रोधातून ड्रायव्हरला, एक इनपुट रोधाच्या अलीकडे, दुसरं ड्रायव्हरच्या टोकांवर, संगणकावर रूम ईक्यू विझार्ड हा मोजणीचा प्रोग्राम. ड्रायव्हरऐवजी तपकीर गल्लीतून आणलेला १० ओहमचा एक टक्क्याचा रोध लावून आधी पडताळा: १०.०३. आता आकड्यांवर भरवसा ठेवता येईल. सडक्या फोमवर मात्र मोजण्यात अर्थ नाही. तो ताण देतच नाही.

३० जून

पालखी मुक्कामी, पेठेतले रस्ते बंद. फोमचं पार्सल अडकलं. काम नाही.

६ जुलै

कड बदलणे, पहिला ड्रायव्हर.

१५ इंचाची कोणतीही कड चालत नाही. वळीची रुंदी, फोमची जाडी आणि कोनाला चिकटणाऱ्या पट्टीचा उतार जुन्याशी जुळायला हवा. जाड, कडक फोम बसवला तर रेझोनन्स, म्हणजे कोन आपणहून सगळ्यात जास्त डोलतो ती कंप्रता, वर सरकतो आणि आर्डेनच्या पोर्टला जे काम दिलंय ते बिघडतं. बाजारात कड बदललेला आणि तरीही खालून कोरडा वाटणारा एचपीडी आला की आधी फोमची जाडी पाहायची.

फ्रेमवरची गॅस्केटची चकती तुकड्या-तुकड्यांची आहे. रुंद पात्याने हळू उचलून, क्रमाने कागदावर ठेवून, क्रमांक घातले. ती मूळ आहे, तिचाही अर्धा आणा धरतो.

जुना फोम बांबूच्या काडीने खरवडला. चिकट थर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, बोळा ओला नाही तर दमट, कारण कोन कागदी आहे आणि भिजला की कड लाटेसारखी होते. साडेतीन तास. घाई करून थर राखला तर नवीन गोंद त्यावरच धरतो आणि सहा महिन्यांनी एकदम सुटतो.

गोंद पांढरा, पाण्यात विरघळणारा. पिवळा रबरी गोंद नको. तो टेकताक्षणी धरतो आणि मध्य चुकला तर सरकवायला एक क्षणही मिळत नाही. सहा मिलिमीटरच्या ब्रशने कोनावर आणि फोमवर पातळ थर, जुनी कड ज्या बाजूने होती त्याच बाजूने. कोनाची बाजू आज, फ्रेमची परवा. पावसाळ्यात हा गोंद २४ तासांत वाळत नाही, ३६ धरायचे.

८ जुलै

फ्रेमची बाजू. फोम टेकवल्याबरोबर ॲम्प्लिफायरमधून २५ हर्ट्झची साइन लहर, टर्मिनलवर दीड व्होल्ट. कोन मिलिमीटरभर मागेपुढे हलतो आणि गोंद ओला असताना कॉइल आपली जागा शोधते. कान कोनाच्या मध्यावर. पहिला ड्रायव्हर निःशब्द. दुसऱ्यात कागदावर नख ओढल्यासारखा सूक्ष्म आवाज, प्रत्येक फेरीत एकदा. बोटांनी कोन चार बाजूंनी किंचित दाबून पाहिलं. घड्याळातल्या चारच्या बाजूला दाबलं की आवाज जातो. म्हणजे फोम दहाच्या बाजूला ओढून बसलाय. त्या भागातली वीतभर कड उचलली, गोंदाला ओल्या बोटाने जाग आणली, ताण सोडून पुन्हा टेकवली. आवाज गेला. लहर २० मिनिटं तशीच चालू ठेवली आणि मगच चिमटे लावले. चिमटे आधी लावले की ते स्वतःच फोम ओढतात.

१३ जुलै

दोन्ही ड्रायव्हर २० हर्ट्झवर चार तास चालवले, फोम मोकळा व्हायला. मग मोकळ्या हवेत इम्पिडन्स.

पहिला: रेझोनन्स २३.५ हर्ट्झ, शिखर ६२ ओहम. दुसरा: २४ हर्ट्झ, शिखर ४७ ओहम.

सगळ्या तपासणीतली कळीची नोंद हीच. फोम कडक असता तर शिखर उजवीकडे सरकलं असतं. ते जवळजवळ जागेवरच आहे, पण बुटकं आणि पसरट झालंय. कोन जड किंवा ताठ झाल्याचं हे लक्षण नाही. चुंबक कॉइलला पूर्वीइतकं आवरत नाही, त्याचं आहे. शिखराची उंची, कॉइलचा रोध वजा करून, चुंबकाच्या जोराच्या वर्गाप्रमाणे बदलते. ४१.४ भागिले ५६.४ म्हणजे ०.७३, वर्गमूळ ०.८६. दुसऱ्याचा जोर पहिल्याच्या १४ टक्के कमी, म्हणजे आवाजात सुमारे १.३ डेसिबलची तूट अपेक्षित.

एक शंका उरते. गोंद आणि फोम यांतलं घर्षण दुसऱ्यात जास्त असेल तरीही शिखर बुटकं दिसतं. पण एचपीडीमध्ये खालच्या आणि वरच्या कॉइलचे दोन गॅप अल्निको या मिश्रधातूच्या एकाच चुंबकावर आहेत. घर्षण असेल तर तूट खालच्या आवाजापुरतीच दिसेल. चुंबक उतरलं असेल तर ट्वीटरचा भागही तेवढाच खाली येईल. निकाल गच्चीवर मोजल्यावर.

अल्निको धक्क्याने किंवा मोठ्या प्रवाहाने उतरतं. हा ड्रायव्हर कधीतरी पडला असावा, फ्रेमच्या एका कानावर रंग उडालाय. उतरलेलं अल्निको पुन्हा भरता येतं, पण ड्रायव्हर जोडलेल्या स्थितीत, योग्य साच्यात. चुंबक सुटं करून भरलं तर परत जोडेपर्यंत ते पुन्हा उतरतं. खोलून "चुंबक साफ करून देतो" म्हणणाऱ्याला अल्निकोचा ड्रायव्हर देऊ नये.

२० जुलै

एलएस३/५ए. बीबीसीने बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी आखलेला, पाच लिटरचा बंद डबा, केईएफचा बी११० वूफर आणि टी२७ ट्वीटर. बनवणारे परवानाधारक अनेक, आराखडा एक. म्हणून नावापेक्षा आतल्या गोष्टी बघायच्या: ड्रायव्हरवरचे क्रमांक, क्रॉसओव्हरचा एफएल६/२३ बोर्ड, बर्च प्लायचं खोकं आणि आत बीचच्या पट्ट्या. हे चारही बरोबर निघाले.

कोन बेक्स्ट्रीनचा, म्हणजे पॉलिस्टायरीनच्या जातीचा. ॲसिटोन किंवा थिनरचा एक थेंब पडला तर कोनाला खड्डा. कोरडा मऊ ब्रश, बस.

बंद डब्याची परीक्षा: वूफर दोन बोटांनी हळू आत दाबून सोडायचा. घट्ट डब्यात तो रेंगाळत परत येतो. ए तसा आला. बी टुणकन आला, म्हणजे हवा कुठूनतरी जातेय. इम्पिडन्समध्येही तेच, बी चं शिखर बुटकं. मागच्या पाटाची फोमची पट्टी चुरा झालेली. ३ मिलिमीटरची बंद पेशींची पट्टी चिकटवून पाट स्क्रू समोरासमोरचे असे क्रमाने आवळले. आता दोन्ही रेंगाळतात आणि शिखरं जुळली.

मग क्रॉसओव्हरची जोडणी पाहिली आणि इथे हात आवरला. ट्वीटरची पातळी ठरवायला टप्प्यांचं ऑटोट्रान्सफॉर्मर आहे. ए ची वायर एका टप्प्यावर, बी ची दुसऱ्या. हे चूक समजून दोन्ही सारख्या टप्प्यावर आणणारे हौशी लोक बरेच आहेत. कारखान्यात प्रत्येक डब्यातले ड्रायव्हर मोजून टप्पा निवडायचे. टप्पे वेगळे असणं हाच जुळवणीचा पुरावा असू शकतो. पण ही जोडी मूळची नाही, क्रमांक सांगतातच. तेव्हा मोजल्याशिवाय काही हलवायचं नाही.

२५ जुलै

रात्रभर मुसळधार, सिंहगड रस्त्याच्या वस्त्यांत पाणी. खोलीत आर्द्रता ९१ टक्के, वीज दुपारी आली. कुतूहल म्हणून आर्डेनचा पहिला ड्रायव्हर पुन्हा मोजला: २३.५ चा २२.६ झालाय. कागद पाणी पितो, कोन जड होतो, फोम मऊ पडतो. पुण्यात मे महिन्यात मोजलेला एक स्पीकर आणि जुलैत मोजलेला दुसरा यांची तुलना करू नये. जोडी नेहमी एकाच दिवशी, पाठोपाठ मोजायची.

४ ऑगस्ट

पाऊस उघडला. पहाटे साडेपाचला गच्चीवर. ही वेळ निवडावी लागते, कारण संध्याकाळी नदीकाठी ढोल पथकांचे सराव सुरू झालेत आणि शंभर हर्ट्झखालचं सगळं त्यांच्याच मालकीचं असतं.

स्पीकर दीड मीटर उंचीवर, माइक एक मीटर समोर, तेवढ्याच उंचीवर. फरशीवरून परतणारा आवाज ३.१६ मीटर चालून येतो, सरळ आलेल्यापेक्षा २.१६ मीटर जास्त, म्हणजे सुमारे ६.२ मिलिसेकंद उशिरा. तेवढ्याच खिडकीतलं घेतलं की परावर्तन गळून जातं, पण १६० हर्ट्झखालचंही काही कळत नाही. खालचं जवळून मोजायचं: १५ इंचाला माइक कोनापासून दीड सेंटिमीटरवर, आणि ३०० हर्ट्झच्या वरचं फेकून द्यायचं.

आर्डेन: ४०० हर्ट्झला दुसरा १.२ डेसिबल खाली, ५ किलोहर्ट्झला १.४ खाली. दोन्ही टोकांना सारखी तूट. चुंबकच. ऊर्जेच्या स्विचने हे झाकता येत नाही, तो फक्त वरचं उचलतो आणि तोल बिघडतो. घरात ऐकणाऱ्याला मात्र ॲम्प्लिफायरचा बॅलन्स थोडा फिरवून गायक मध्यभागी आणता येतो. हे विकताना सांगायचं.

एलएस३/५ए: १ किलोहर्ट्झपर्यंत दोघं अर्ध्या डेसिबलच्या आत. ३ किलोहर्ट्झच्या वर बी दीड डेसिबल तेज. बी ची वायर एक टप्पा खाली. फरक अर्धा डेसिबल उरला. मूळ टप्पा कोणता होता ते आतल्या भिंतीवर कागद चिकटवून लिहिलं.

पडताळा म्हणून दोन्ही डबे तोंडाला तोंड, दहा सेंटिमीटरवर, एकाच्या वायरी उलट्या, मोनो पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या कंप्रतांचा एकत्र खळखळाट. जुळलेली जोडी एकमेकांना खाऊन टाकते. अर्ध्या डेसिबलचा फरक असेल तर एकट्याच्या तुलनेत २५ डेसिबलपर्यंत आवाज पडतो, एक डेसिबलचा असेल तर १९ वर अडकतो. २०० हर्ट्झच्या आसपास २४ मिळाले. वरच्या भागात ही परीक्षा चालत नाही, डब्यांतलं अंतरच आड येतं.

११ ऑगस्ट

कानाची पाळी. आधी पातळी जुळवली, नाहीतर मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. एलएस३/५ए ला त्याच व्होल्टला आवाज आर्डेनपेक्षा कितीतरी कमी. आधी प्रत्येक स्पीकर एकटा, मोनो, मग जोडी.

काळी एकचा तानपुरा. खर्जाची तार ६९ हर्ट्झची, तिचा मूळ स्वर एलएस३/५ए मधून जेमतेम निघतो. तरी कानाला खर्ज ऐकू येतो, कारण जवारीचे वरचे अंश कान जोडून घेतो. म्हणून तानपुऱ्यावर लहान डब्याला नापास करू नये आणि मोठ्यालाही नुसत्या तेवढ्यावर पास करू नये. तानपुऱ्यात ऐकायचं ते जवारीचं सातत्य. क्रॉसओव्हरजवळ काही बिघडलेलं असेल तर झणत्काराचा एक पट्टा बाहेर उडी मारतो. आर्डेनमध्ये तो अखंड.

डग्ग्याची घिस, म्हणजे तळहात घासून सरकवलेला सूर, जास्त बोलकी. सूर सरकत जाताना प्रत्येक कंप्रतेवर थांबत जातो, आणि कुठे फुगला, कुठे बसला ते लगेच कळतं. एलएस३/५ए मध्ये १५० हर्ट्झच्या खाली थोडा मुद्दामचा फुगवटा आहे, डग्गा आहे त्यापेक्षा भरदार वाटतो. दोष नव्हे, आखणी आहे. एल१०० मध्ये दायाँची, म्हणजे उजव्या तबल्याची, किनार चाटेसकट अंगावर येते, पहिली पाच मिनिटं मजा येते, अर्ध्या तासाने मिडचा नियंत्रक खाली घ्यावासा वाटतो. घेणाऱ्याने निदान अर्धा तास ऐकावं, असा आग्रह धरणार.

बातम्या वाचणाऱ्या बाईंचा आवाज, मोनो. एलएस३/५ए वर त्या खोलीत बसल्यात. आर्डेनवर बसल्यात, पण मोठ्या झाल्यात. फासळी चिकटवल्यावर दुसऱ्या आर्डेनचं कण्हणं कुठेही आलं नाही, ४० ते ४०० हर्ट्झ साइन सावकाश फिरवूनही.

१८ ऑगस्ट

आणे.

आर्डेन: फुगलेला तळ १, मूळ नसलेली कड १, उतरलेलं चुंबक ३. सोळातले अकरा. तळाला तीन सेंटिमीटरचे लाकडी पाय आणि दोन्ही खोक्यांच्या पोर्टमागे, आतल्या बाजूने, बारीक जाळी. त्याने किंमत वाढत नाही, पण उंदीर थांबतो.

एलएस३/५ए: वेगवेगळे क्रमांक, ४. बाकी काही नाही, कारण आतला एकही भाग बदललेला नाही आणि आवाज आता जुळलाय. बारा आणे. क्रमांक जुळते असते तर हीच जोडी संग्रह करणारे घेऊन गेले असते. आता ती ऐकणाऱ्याची आहे.

एल१००: वेगळा ट्वीटर ३, जाळ्या नाहीत १, मृत जागेचा नियंत्रक अर्धा. साडेअकरा. एलई२० चा सुटा ट्वीटर मिळाला तर दोन आणे परत येतात. तोवर एलई२५ काढायचा नाही. विकताना दोन्ही क्रमांक कागदावर लिहून द्यायचे.

मालकीणबाईंचा प्रश्न होता: "आर्डेनचा तो कमजोर बाजूला ठेवून चांगला एकटाच विकला तर?" नाही. अकरा आण्यांची जोडी फोडली तर चार आणि दोन उरतात.

प्रत्येक जोडीबरोबर मोजणीचे आलेख, तारीख आणि त्या दिवशीची आर्द्रता. आर्डेन हलवताना ड्रायव्हर खोक्यातच राहू द्यायचे, खोकी पाठीवर आडवी, टेम्पोत खाली गादी, आणि दुसऱ्याच्या फ्रेमवर लाल चिकटपट्टी, म्हणजे नवीन घरी तो कोणत्या बाजूला लावला ते बॅलन्स फिरवणाऱ्याला कळेल.